ओकापीचे रान

आफ्रिका खंडाच्या मध्यभागातून कांगो ही प्रचंड नदी वाहते. तिच्या खोऱ्यात पसरलेले पर्जन्यारण्य ॲमेझॉनच्या खालोखाल जगातील सर्वांत मोठे होय. या अरण्याच्या ईशान्य अंगास, विषुववृत्ताच्या थोडेसे उत्तरेकडे, इटुरी नदीच्या खोऱ्यात जो भाग आहे, त्याला इटुरीचे अरण्य म्हणतात.

या अरण्यात प्रथमच पाऊल टाकणाऱ्याला आपण दिवसातून एकदम सायंकाळी शिरलो की काय, असे वाटावे. शंभर-सव्वाशे फूट उंचीच्या वृक्षांचे शेंडे वर एकमेकांत इतके दाट विणले गेले आहेत, की भर दुपारचे ऊनदेखील खाली येता येता हिरवे होऊन जाते. पाऊस सुरू झाला तरी त्याचे पहिले थेंब जमिनीवर पोचावयास वेळ लागतो, आणि पाऊस थांबला तरी झाडे कितीतरी वेळ आपला पाऊस पाडीतच राहतात. म्बाऊ नावाच्या एकाच जातीच्या वृक्षांची येथे मैलोगणती राने आहेत. वाटा आहेत त्या बहुतेक हत्तींनी पाडलेल्या. माणूस त्यांवरूनच चालतो. चित्रातल्या अरण्यात पावलोपावली जनावरे उभी असतात. इटुरीत तसे काही नाही. धनेश पक्ष्याच्या पंखांचा घरघराट वरून जातो, कोठेतरी माकडे ओरडतात, एखादी फांदी मोडते आणि पुन्हा सारे शांत होते. जनावर असते, परंतु ते आपल्याला दिसण्यापूर्वी आपण त्याला दिसलेलो असतो.

या काळोखाला शोभेल असेच एक जनावर येथे राहते. त्याचे नाव ओकापी. जगाच्या पाठीवर आज ते कांगोच्या या रानांखेरीज दुसऱ्या कोठल्याही रानात आढळत नाही. त्याला पाहून, देवाने उरलेल्या तुकड्यांतून एक प्राणी जुळविला असावा, असा भास होतो. अंग घोड्याएवढे, रंग मखमली तपकिरी, कान सुपासारखे मोठे, आणि मांड्यांवर मात्र झेब्र्यासारखे पांढरे-काळे पट्टे! एवढे ठळक पट्टे असूनही ते चटकन दिसत नाही, कारण पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे आणि ते पट्टे एकमेकांत मिसळून जातात. त्याची निळसर काळी जीभ इतकी लांब असते, की तिने ते आपले डोळे आणि कानसुद्धा स्वच्छ करते. त्याच्या कातडीवर तेलकट ओशटपणा असतो. पावसाचे पाणी तीवरून ओघळून जाते. शंभराहून अधिक जातींच्या झाडांची पाने ते खाते, शिवाय नदीकाठची माती आणि वीज पडून जळालेल्या झाडांचा कोळसाही चाटते.

ओकापी एकलकोंडे असते. कळप नाही, गोंगाट नाही. पाडस जन्मले की आई त्याला दाट झुडपांच्या आडोशाला लपवून चरावयास जाते, आणि ते तासन् तास तेथे निश्चल पडून राहते. बिबळ्याला वास लागू नये म्हणून निसर्गाने त्याची मोठी विलक्षण सोय करून ठेवली आहे. जन्मानंतर महिनाभर, कधी कधी त्याहूनही अधिक काळ, हे पाडस मलविसर्जनच करीत नाही! आई आणि पाडस एकमेकांना साद घालतात तीही अशा खर्जातल्या स्वरात, की माणसाच्या कानाला ती ऐकूच येत नाही. ज्याला रानात टिकावयाचे आहे त्याने आपला माग ठेवू नये, ही विद्या या प्राण्याने पुरती आत्मसात केली आहे.

म्हणूनच की काय, बाहेरच्या जगाला ओकापीचा पत्ता विसावे शतक उजाडेपर्यंत लागला नाही. हेन्री स्टॅन्ली हा प्रवासी १८८७ ते १८८९ या काळात हे अरण्य ओलांडून गेला. त्याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एवढीच नोंद आहे, की येथील बुटक्या अरण्यवासी लोकांना गाढवासारखा एक प्राणी माहीत असून ते त्याला खड्ड्यांत पकडतात. पुढे युगांडाचा ब्रिटिश प्रशासक सर हॅरी जॉन्स्टन याच्या मनात त्या ओळीने घर केले. योगायोग असा, की १९०० च्या सुमारास पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांना दाखविण्यासाठी एका युरोपीय माणसाने या अरण्यवासीयांपैकी काहींना पळवून नेले होते. जॉन्स्टनने त्यांना सोडविले आणि त्यांच्या मुलखात परत पोचविले. वाटेत त्याने त्यांना त्या प्राण्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी त्याचे वर्णन बारकाव्यांनिशी केले.

अरण्यात गेल्यावर लोकांनी जॉन्स्टनला त्या प्राण्याच्या पावलांचे ठसे दाखविले. ठसे दुभंगलेल्या खुरांचे होते. जॉन्स्टनची मात्र खात्री होती, की हा घोड्याचाच कोणी जातभाई असला पाहिजे; आणि घोड्याचे खूर तर अखंड असते. त्याने त्या ठशांवर विश्वास ठेवला नाही! पट्टेदार कातड्याचे दोन तुकडे त्याने लंडनला धाडले, आणि तेथील पंडितांनीही १९०१ साली त्या प्राण्याची गणना घोड्याच्या कुळात करून टाकली. लवकरच कांगोत नोकरीस असलेल्या एका स्वीडिश अधिकाऱ्याकडून एक पूर्ण कातडे आणि दोन कवट्या मिळाल्या, तेव्हा उलगडा झाला. प्राणी घोड्याच्या नव्हे, तर जिराफाच्या कुळातला होता, आणि जिराफाप्रमाणे त्याचे खूर दुभंगलेलेच होते. पंडितांनी त्याच वर्षी नाव बदलले. चिखलातला ठसा ज्यांना आधीपासूनच वाचता येत होता, त्यांना अर्थात यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

ते लोक म्हणजे म्बुटी. इटुरीच्या अरण्याचे हे फार जुने रहिवासी. त्यांची उंची साधारणपणे पाच फुटांच्या आत असते. त्यामुळे जेथे उंच माणसाला पदोपदी वाकावे लागते, तेथून ते सहज धावत जातात. वाकविलेल्या डहाळ्यांवर मोठमोठी पाने शाकारली, की त्यांची खोपी झाली. ती उभारावयास दुपार पुरते. अरण्याला ते आईबाप म्हणतात. अन्न, निवारा, सरपण, औषध हे सारे जो देतो त्याला दुसरे काय म्हणावे?

त्यांची पारध पाहण्यासारखी असते. अरण्यातल्या एका वेलीच्या सालीपासून दोर वळून ते जाळी विणतात. आपल्या जुन्या मराठीत अशा जाळ्याला वाघूर म्हणत. जाळे सुमारे चार फूट उंच आणि पुष्कळ लांब असते. पहाटे मुक्कामाजवळ झाडाच्या बुंध्याशी एक लहानसा जाळ पेटवितात, आणि मग मंडळी निघतात. पुरुष आपापली जाळी एकमेकांच्या जाळ्यांना भिडवून मोठा अर्धवर्तुळाकार घेर धरतात. दुसऱ्या बाजूने बायका आणि मुले हाकारे घालीत, झुडपे बडवीत पुढे सरकतात. ड्यूकर नावाची लहान हरिणे बिथरून धावत सुटतात व जाळ्यांत अडकतात. शिकार मोठी असो वा छोटी, ती एकट्याची कधीच नसते. ज्याच्या जाळ्यात जनावर सापडले त्याचा वाटा, ज्याने ते धरले त्याचा वाटा, हाकारे घालणाऱ्यांचा वाटा, आणि जो म्हातारा मुक्कामावरच बसून राहिला त्याचाही वाटा. सावज दुर्मीळ होऊ लागले, की मुक्काम हलवावयाचा. मागे राहिलेल्या खोप्या रान काही महिन्यांत गिळून टाकते.

कॉलिन टर्नबुल नावाचा मानववंशशास्त्रज्ञ १९५० नंतरच्या दशकात एपुलू नदीच्या परिसरात म्बुटींबरोबर राहिला होता. त्यांच्यावरचा त्याचा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका पारधीची हकीकत आहे. त्या दिवशी एका गृहस्थाने कोणाच्या नकळत आपले जाळे इतरांच्या जाळ्यांच्या पुढे नेऊन लावले. अर्थातच हाकाऱ्याने उठलेली पहिली जनावरे त्याच्या पदरात पडली, आणि मागच्यांची जाळी रिकामी राहिली. ही गोष्ट लपते थोडीच! संध्याकाळी तो मुक्कामावर आला, तेव्हा त्याला कोणी बसावयास आसन दिले नाही. एक पोरगा आपल्या आसनावर खुशाल बसून राहिला. तोही उठला नाही. मग एकेक जण बोलू लागला. त्याची थट्टा झाली, निर्भर्त्सना झाली. तो आधी रागावला, मग सबबी सांगू लागला आणि शेवटी खाली मान घालून त्याने सारे मांस परत केले. त्याच्या खोपीत शिजत असलेले भांडेही लोकांनी रिकामे केले. तो रडू लागला. रात्री सर्वत्र सामसूम झाल्यावर त्यांच्यातलाच एक जण आपल्या ताटातले थोडे कालवण घेऊन उठला आणि त्याला गुपचूप नेऊन देऊन आला. थोड्या वेळाने तो गुन्हेगार सर्वांबरोबर गाणे म्हणावयास येऊन बसला!

या मुलखात त्या दिवशी पोलीस नव्हता, न्यायाधीश नव्हता, तुरुंगही नव्हता. आपले जाळे दुसऱ्याच्या पुढे लावू नये, एवढा एकच कायदा होता. आणि तो मोडणाऱ्याला संध्याकाळी त्याच लोकांत परत यावे लागत होते.

म्हणून म्बुटी लोक म्हणजे जणू अरण्यातली देवमाणसे, असा कोणी समज करून घेऊ नये. ते भांडतात, रुसतात, शेजारच्या गावातून केळी उचलून आणतात. टर्नबुलच्या ग्रंथात याचाही एक गमतीदार दाखला आहे. मुक्कामावर काही अरिष्ट आले, की अरण्य झोपी गेले असले पाहिजे असे मानून म्बुटी रात्री गाणी म्हणून त्याला जागे करतात. या विधीत एक लांब कर्णा वाजवितात. टर्नबुलची कल्पना अशी, की तो कर्णा अतिप्राचीन, कोरीव, पवित्र असणार. प्रत्यक्षात बाहेर आली ती रस्ता बांधणाऱ्यांकडून लांबविलेली धातूची नळी! त्याच्या चेहऱ्यावरची निराशा पाहून मंडळींना आश्चर्य वाटले. आवाज चांगला येतो ना, मग ती कशाची का असेना, असे त्यांचे म्हणणे होते.

अरण्याच्या कडेला शेती करणारी गावे आहेत. एपुलूच्या बाजूला बिला लोकांची वस्ती आहे. म्बुटींनी मांस आणि मध द्यावा, गावकऱ्यांनी केळी, कसावा आणि लोखंडी पाती द्यावी, असा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला. गावकऱ्याला अरण्याचे भय वाटते, आणि ते अगदीच निराधार नाही. रात्रीतून हत्ती शेतात शिरले, की केळीच्या बागेचा चुराडा होतो. माकडे पिके लुटतात. वर्षाच्या मेहनतीचे असे मातेरे झालेल्या माणसाला हत्तीचे कौतुक ऐकविणे सोपे नाही. तथापि, त्या गावकऱ्याच्या भाल्याने इटुरीचे हत्ती संपले नसते. ते संपू लागले ते दूरच्या बाजारामुळे.

बाजाराची ही वाट जुनी आहे. १८८५ पासून १९०८ पर्यंत कांगोचा मुलूख बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता. हस्तिदंत आणि रबर यांसाठी त्याच्या माणसांनी तेथील लोकांवर जे अत्याचार केले, त्यांमुळे सारे जग हादरले. पुढे बेल्जियम सरकारचा अंमल आला, आणि ३० जून १९६० रोजी कांगो स्वतंत्र झाला. अरण्यातून रस्ता गेला होताच. त्या रस्त्याने मांसाचे व्यापारी म्बुटींच्या मुक्कामापर्यंत येऊ लागले. तांदूळ, केळी, मीठ, कापड घेऊन यावे आणि धुरावलेले मांस घेऊन जावे. जाळी तीच, हाकारे तेच; पण आता जे सापडेल ते मुक्कामावर खाऊन संपणार नव्हते. पोटाला मर्यादा असते. पाटीला ती नसते.

त्यानंतर आले सोने आणि कोल्टन. कोल्टन ही एक काळी, जड माती. तिच्यातून टँटलम नावाचा धातू काढतात, आणि तो फिरते दूरध्वनी, संगणक अशा यंत्रांच्या सूक्ष्म भागांत वापरतात. जगभर ज्या वस्तू लोक खिशात घालून हिंडतात, त्यांतल्या कित्येकींत या धातूचा कण असतो. तो कण मिळावा म्हणून कांगोच्या रानात ओढ्याकाठी खड्डे खणले जातात. जेथे खड्डा आहे तेथे खणणारी माणसे आहेत. त्यांना जेवण हवे. आणि अरण्यात गाई-बकऱ्या कोठून असणार? मग तारेचे फास येतात. वेलीचे जाळे उचलून घरी न्यावे लागते. तारेचा फास मात्र लावणारा विसरून गेला तरी जागेवरच राहतो. तो लहान-मोठे पाहत नाही, गाभण-पाडस पाहत नाही. ड्यूकरसाठी लावलेल्या फासात ओकापीचाही पाय अडकतो. माग न ठेवण्याची त्याची सारी विद्या तेथे कामास येत नाही.

या फासवाल्याला आणि हत्ती मारणाऱ्या बंदूकवाल्याला संध्याकाळी कोणत्याही मुक्कामावर तोंड दाखवावयाचे नसते. त्याचे जाळे सर्वांच्या पुढे लागलेले आहे, आणि त्याला आसन नाकारणारे कोणी नाही.

१९९६ पासून २००३ पर्यंत कांगोत एकामागून एक युद्धे झाली. सैन्ये आली, गेली, फुटली; त्यांच्या स्वयंचलित बंदुका मात्र रानात राहिल्या. गावे ओस पडली. म्बुटींनाही आपल्याच रानातून जीव घेऊन पळावे लागले. वनरक्षकांची शस्त्रे काढून घेतली गेली. युद्धाच्या आधी आणि नंतर येथील वन्य प्राण्यांची पाहणी झाली, तेव्हा या रानातले हत्ती जवळजवळ निम्म्यावर आले असल्याचे दिसले.

हे सारे होत असता अरण्य अगदीच अनाथ होते असे नाही. एपुलू येथे १९५२ साली ओकापी पकडून त्यांची निगा राखणारे सरकारी केंद्र स्थापन झाले होते. तेथून पूर्वी जगातल्या अनेक प्राणिसंग्रहालयांना ओकापी पाठविण्यात आले. १९९२ साली इटुरी अरण्याचा सुमारे १३,७०० चौरस किलोमीटरचा भाग ओकापी अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आला. १९९६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दुसऱ्याच वर्षी ते धोक्यात असलेल्या वारशांच्या यादीत दाखल झाले! या अभयारण्याची एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. येथून माणसांना हाकलून लावलेले नाही. गावे आपल्या जागी आहेत, आणि म्बुटींना पोटापुरती, आपल्या जुन्या रीतीने पारध करण्याची मुभा आहे. ओकापी, हत्ती अशा संरक्षित प्राण्यांना मात्र हात लावावयाचा नाही.

रक्षण करणारे म्हणजे वनरक्षक. खांद्यावर बंदूक, पाठीवर शिधा, पायांत चिखलाने भरलेले बूट. दिवसचे दिवस ते रानात चालतात, तारेचे फास काढतात, चोरट्यांचे तळ शोधून मोडतात, बेकायदा खाणी बंद करतात. ज्या हत्तीला ते वाचवितात तो बहुधा त्यांच्या दृष्टीसही पडत नाही. त्याची लीद आणि त्याची वाट तेवढी दिसते. त्यांच्यात आणि चोरट्यांत नेहमीच फार अंतर असते असेही नाही. याच मुलखातल्या एका गावचा तरुण गणवेश चढवितो, आणि दुसऱ्या गावचा हाती फावडे घेऊन खाणीत उतरतो. कारण युद्धाने दोघांचीही शाळा आणि शेती हिरावून नेलेली असते. त्या खाणीतल्या तरुणाला दोष देण्यापूर्वी थोडे थांबावेसे वाटते. पुढे ज्यांनी एपुलू जाळले, त्यांच्याविषयी तसे थांबावेसे वाटत नाही.

२०१२ साली एपुलूच्या केंद्रात १४ ओकापी होते. प्रशस्त कुंपणांच्या आत, झाडांच्या सावलीत ते फिरत असत. रस्त्याने जाणारे-येणारे त्यांना पाहावयास थांबत. अरण्यात राहूनही ज्यांनी जन्मात ओकापी पाहिले नव्हते, अशा गावकऱ्यांनी ते येथेच प्रथम पाहिले. कारण रानातले ओकापी म्बुटींशिवाय क्वचितच कोणाला दिसते. या प्राण्यांना वाळला चारा चालत नसे. रोज रानातून नाना जातींच्या झाडांच्या ताज्या डहाळ्या कापून आणाव्या लागत, आणि त्यांना नेमका कोणता पाला आवडतो हे म्बुटींइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? ज्यांचे पूर्वज ओकापी खड्ड्यात धरीत, त्यांची मुले आता त्यांच्यासाठी पाला तोडून आणीत होती.

त्या वर्षी वनरक्षकांनी हत्तींच्या चोरट्या शिकारीविरुद्ध आणि सोन्याच्या बेकायदा खाणींविरुद्ध कडक मोहीम चालविली होती. हत्तींची शिकार करणाऱ्या एका सशस्त्र टोळीचा धंदा त्यामुळे बुडू लागला. २४ जून २०१२ रोजी, रविवारी पहाटे, त्या टोळीने एपुलूवर हल्ला केला. दोन वनरक्षक आणि त्यांच्याखेरीज आणखी काही माणसे ठार झाली. इमारती लुटून जाळण्यात आल्या. गावातून काही लोकांना धरून नेले. मग हल्लेखोर ओकापींच्या कुंपणांकडे वळले. कुंपणातले जनावर पळून कोठे जाणार? त्या दिवशीच १३ ओकापी मेले. चौदावा जखमी होऊन मागे राहिला, आणि पुढे तोही गेला.

त्यांना खावयाचे नव्हते, त्यांचे कातडे विकावयाचे नव्हते. त्या प्राण्यांवर रक्षकांचा जीव होता, म्हणून ते मारले गेले. पारधीचा इतिहास माणसाइतकाच जुना आहे. पण हिला पारध हे नाव म्बुटींनी दिले नसते.

बातमी जगभर गेली, मदत आली, पैसा उभा राहिला. पळालेले कर्मचारी परतले आणि ठाणे पुन्हा बांधले गेले. मृत सहकाऱ्यांच्या जागी नवे वनरक्षक उभे राहिले. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, ओकापीची नोंद जगातील संकटग्रस्त प्राण्यांत करण्यात आली. एपुलूच्या कुंपणांत पुन्हा ओकापी आणून ठेवले गेले नाहीत. आजूबाजूच्या गावांतून शेतकऱ्यांना झाडांची रोपे देणे, एकाच जमिनीचा कस टिकवून ती वर्षानुवर्षे कशी पिकवावी हे दाखविणे, अशी कामे चालू आहेत. कारण शेत टिकले तर दर दोन-चार वर्षांनी नवे रान तोडावे लागत नाही. सोन्याच्या खाणी मात्र मिटलेल्या नाहीत, आणि वनरक्षकांच्या मृत्यूच्या बातम्या त्यानंतरही आल्या आहेत.

अलीकडे अभयारण्यात झाडांच्या बुंध्यांना लहान कॅमेरे बांधून ठेवतात. समोरून काही हलले, की तो आपोआप छायाचित्र घेतो. पुष्कळशा चित्रांत नुसती हललेली पाने असतात. काहींत ड्यूकर, काहींत बिबळ्या, कधी चिंपांझी. एखाद्या चित्रात मात्र काळोखातून पांढऱ्या पट्ट्यांची मांडी तेवढी उजळून निघालेली असते. मोठे कान मागे वळलेले आणि मान पाल्याकडे उंचावलेली. कॅमेरा काढावयास जाणारी तुकडी त्या जागी पोचते, तेव्हा प्राणी केव्हाच निघून गेलेला असतो. बरोबरचा म्बुटी वाटाड्या ओणवा होऊन चिखलातला दुभंगलेल्या खुराचा ठसा पाहतो, तो किती जुना आहे ते सांगतो आणि पुढे चालू लागतो.